तो मान आणि ती मान

धुकं असं दाट पडलं होतं, की खिडकीच्या गजांना अडकवलेले मोजे वाळायचे सोडून आणखी भिजले होते. वहिनीने ते काढून पिळले आणि शेगडीच्या वर बांधलेल्या दोरीवर ओळीने टाकले. खाली पातेल्यात पाणी तापत होतं. त्यात मीठ पडलं. चहा नंतर, आधी घसा. न्हावी वस्तऱ्याला धार लावतो तशी ती रोज सकाळी घशाला लावते. मोरीत उभी राहून, तोंड छताकडे करून ती अशा काही गुळण्या करते, की खालच्या मजल्यावरचा रंगारी अंथरुणातच म्हणतो, "वहिनीची मोटर सुरू झाली. उठा आता."

घरात हा आवाज ऐकू येत नाही तो फक्त सासूबाईंना. त्यांचे कान मागावर गेले. कापडाच्या कारखान्यात एका पत्र्याखाली ढीगभर माग खडखडत असायचे आणि त्यात त्यांची सगळी तरणी वर्षं गेली. "हात आणले, पाय आणले, दातसुद्धा निम्मे घरी आणले," असं त्या सांगतात. "कान तेवढे तिथेच विसरले."

त्या सकाळी गुळण्या जरा लांबल्या. नवरा बस डेपोत मेकॅनिक. तो डब्याचं झाकण बसवत म्हणाला, "घसा धुतेयस की पॉलिश करतेयस? निकाल आहे ना आज?"

"निकाल संध्याकाळी. आता पेपर."

"काय म्हणतोय हा?" सासूबाईंनी विचारलं.

"आज परीक्षा आहे माझी."

"शिक्षा? का, काय केलंस?"

वहिनी त्यांच्या समोर गेली. "आज माझं काम तपासणार आहेत."

"मग नीट कर," सासूबाई म्हणाल्या आणि चहात खारी बुडवायला लागल्या.

शिक्षा म्हणाल्या ते तसं फार चुकलंही नव्हतं. वहिनी शिलाई मशीनच्या कंपनीत फोनवर बसते. मशीन अडलं, की लोक फोन करतात, तो ती उचलते. तिथे प्रत्येकाचे काही फोन दर महिन्याला गुपचूप काढून ऐकले जातात आणि त्यांना मार्क पडतात. आज वहिनीची पाळी होती, कुठला फोन काढतील ते मात्र आधी कळत नाही. तिचे आधीचे दोन फोन नापास झाले होते. आणखी एक नापास झाला, तर हेडसेट जमा करायचा आणि आतल्या बिनखिडकीच्या खोलीत बसून लेखी तक्रारींना तयार उत्तरं चिकटवत राहायचं. पगार तोच. पण माणसाचा आवाज कानावर पडणार नाही. नवऱ्याला यात वाईट काय ते कळत नव्हतं. "शिव्या खाणं बंद होईल की तुझं." वहिनीला ते समजावून सांगता येत नव्हतं, आणि फोनवर अख्ख्या जगाला समजावणाऱ्या बाईला घरात ते जमू नये, याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं.

वहिनी हे तिचं ऑफिसातलंही नाव. तिला तिथे चिकटवलं धाकट्या दिराने. पहिल्या दिवशी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, ही तुमची खुर्ची." पुढे दीर दुसरी नोकरी धरून गेला, शब्द मात्र खुर्चीला चिकटून राहिला. आता वडिलांच्या वयाचा मॅनेजरही तिला वहिनीच म्हणतो. एवढे दीर आणि नणंदा असलेली दुसरी बाई त्या रस्त्यावर सापडायची नाही. फोनवर सांगायला कंपनीने तिला वेगळंच एक गोंडस नाव दिलंय. ते उच्चारताना तिला कायम वाटतं, की शेजारणीची साडी नेसून आपण कुणाच्या तरी घरी आलोय.

ऑफिस चपलांच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. छातीएवढ्या उंचीच्या फळ्यांनी पाडलेले खण, प्रत्येक खणात एक पडदा, एक खुर्ची आणि एक माणूस. आल्या आल्या वहिनी पर्समधून स्वतःचा स्पंज काढते आणि हेडसेटच्या कानावर चढवते. दुसऱ्याची चप्पल घालेन, दुसऱ्याचा स्पंज लावणार नाही, असं तिचं म्हणणं. मग लाल दिवा हिरवा होतो आणि सुरू. पाणी प्यायचं तर दोन फोनच्या फटीत. बाथरूमला जायचं तर पडद्यावर बटण दाबून जायचं, आणि ते बटण दाबलं की टीम लीडरला दिसतं. हा टीम लीडर माणूस वाईट नाही, पण त्याच्या तोंडी सारखी वेळच. म्हणून त्याचं नाव पडलं घड्याळ. "वहिनी, सरासरी वर चाललीय," असं तो मागून जाता जाता म्हणतो. म्हणजे फोन लांबतायत.

फोन लांबायचं कारण सासूबाई.

लग्न होऊन आली तेव्हा वहिनी एकदा सासूबाईंना सांगत होती, पाणी तापलंय. ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं, मोठ्याने. मग ओरडून. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मी बहिरी आहे, गल्ली नाही. तोच शब्द परत परत काय फेकतेस? दुसरा फेक. एखादा लागेल." वहिनी म्हणाली, "अंघोळीला चला." सासूबाई उठल्या.

तिच्या नोकरीतलं सगळं शिक्षण ते एवढंच. बाकीचं कंपनीने शिकवलं, पण ते नंतर.

कंपनीचे प्रश्न पडद्यावर छापील येतात आणि जसेच्या तसे वाचायचे असतात. "कृपया आपल्या यंत्राचा अनुक्रमांक सांगावा." समोर शांतता. शेजारच्या खणातला झटपट हा प्रश्न तीनदा वाचतो आणि चौथ्यांदा फोन दुसरीकडे जोडून देतो. फोन आटपण्यात त्याचा हात कुणी धरत नाही, म्हणूनच तो झटपट. वहिनी म्हणते, "ताई, मशीन जरा कुशीवर करा. पोटाला एक चांदीची पट्टी चिकटवलेली दिसेल." लगेच उत्तर येतं. दोरा किती घट्ट धरायचा त्याचं एक बटण मशीनला असतं, त्याला कंपनी टेन्शन म्हणते. तिचा पहिला नापास फोन त्याच्यावरच गेला. पडद्यावर प्रश्न होता, "आपलं टेन्शन सध्या किती आहे?" वहिनीने नियमाप्रमाणे वाचला. पलीकडची बाई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "काय सांगू तुम्हाला. नवऱ्याचं काम सुटलंय, मुलगी नापास झालीय, आणि घरमालक जिन्यात भेटला तरी छातीत धडधडतं." आता या बाईला मध्येच तोडून, मी बटणाचं विचारत होते, असं सांगायचं कसं? वहिनीने सगळं ऐकून घेतलं, अधूनमधून "हं" म्हणाली, आणि शेवटी म्हणाली, "मशीनचं तेवढं आपण दोघी मिळून कमी करू." केलंही. फोन मात्र नापास. विषयांतर.

दुसरा गेला एका गृहस्थापायी. तुमच्या कंपनीवर वीज पडो, असं तो म्हणाला. वहिनी म्हणाली, "साहेब, आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत. वर चौथा आहे, आधी त्यांच्यावर पडेल. तेवढ्यात तुमचं बघून घेऊ." माणूस हसला आणि मशीन चालू करूनच फोन ठेवला. इथेही मार्क कापले. अनुचित विनोद.

सगळेच हसत नाहीत. काही जण असं बोलतात, की फोन ठेवल्यावर वहिनी जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहते आणि खालच्या दुकानात खोक्यातून निघणाऱ्या चपला बघत बसते. शब्द अंगाला चिकटून घरी येतात. आणि नुसत्या शिव्याच येतात असं नाही. एकदा रात्रीच्या जेवणाला नवऱ्याने वाटी पुढे केली तर ती म्हणाली, "आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?" नवरा म्हणाला, "हो. आणखी भात." पण मध्येच कधीतरी एखादी बाई उलटा फोन करते आणि शोधत शोधत वहिनीपर्यंत येते, नुसतं सांगायला, की तुमच्याशी बोलता बोलता शिवलेला फ्रॉक घालून पोरगी शाळेत गेली. एक बाही उलटी लागली, तरी गेली. त्या दिवशी वहिनी बसमध्ये बसायला जागा मिळाली तरी उभीच राहते.

तर ती धुक्याची सकाळ. पहिला फोन चालू होतो न होतो तोच झटपटने फळीवरून डोकं काढलं.

"वहिनी, एक टेलर मास्टर फिरतोय लाइनवर. काल माझ्याकडे आला, मग तिकडच्या रांगेत गेला. तुमच्याकडे आला तर लाइन पडली म्हणून सोडून द्या. आज तुमचा पेपर आहे."

"एवढा काय भयंकर आहे तो?"

"सुईचं विचारलं की फाडून खातो."

सुईचं न विचारून चालत नाही, हीच तर अडचण. टाके सुटण्याची तक्रार आली, की पडद्यावर लाल चौकट उमटते: "आपण सुई सूचनेप्रमाणे बसवल्याची खात्री केली आहे का?" हा प्रश्न सक्तीचा. तो राहिला, तर बाकी कितीही गोड बोला, फोन नापास.

मास्टर आला तो डब्याची सुट्टी व्हायच्या जरा आधी. वहिनीने कंपनीचं नाव, आपलं गोंडस नाव आणि नमस्कार म्हणून घेतलं.

"ती रेकॉर्ड बंद करा," पलीकडून घोगरा आवाज आला. "तिसऱ्यांदा ऐकतोय. तुम्ही बाई आहात की मशीन?"

"बाई आहे. मशीन तुमच्यापुढे आहे."

जरा थांबून आवाज म्हणाला, "आहे, पण टाके सोडतंय. कोरं करकरीत. शाळेचे गणवेश पडलेत माझ्याकडे, सोमवारी पोरं काय उघडी जाणार? आणि आता तुम्ही विचारणार, सुई नीट बसवलीय का. विचारा. विचारलंत की मी हे मशीन तुमच्या दारात आणून आदळतो. माझ्या हाताखाली शिकलेल्यांची दुकानं आहेत शहरभर. आणि मला सुई विचारतात. कालचं ते पोरगं, मला. सुई."

लाल चौकट पडद्यावर उभी होती. झटपट फळीवरून दोन बोटांनी कात्री करून दाखवत होता, कापा म्हणून. वहिनीने त्याच्याकडे पाठ केली.

माणूस रागावलाय एवढंच तिच्या कानाला लागलं नव्हतं. खरी गोष्ट तिसरीच होती, हा घाबरलाय. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे टाके उसवून दाखवले, त्याचेच टाके सुटायला लागले होते, आणि का ते त्याला कळत नव्हतं. आपले हात गेले की काय, असा तो भाव. सासूबाई पहिल्यांदा हाक न ऐकता पुढे गेल्या असतील तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असाच असेल.

"सुईचं मी तुम्हाला काय विचारणार मास्टर," ती म्हणाली. "जुनं मशीन आहे का अजून?"

"आहे. कोपऱ्यात झाकून ठेवलंय. डोळ्यांना दिसेना म्हणून मुलाने हे दिव्याचं आणून दिलं."

"त्याने कधी टाका सोडला?"

"जन्मात नाही."

"त्याला दोरा कसा ओवायचात?"

"कसा म्हणजे? मान वाकडी करायची आणि बाजूने ओवायचा. एवढी वर्षं केली, आता ती तशीच राहिली. बायको म्हणते, तुम्ही माझ्याशी बोलताय की भिंतीशी."

वहिनी हसली. मास्टरही किंचित हसला असावा.

"आणि ह्या नव्याला?"

"ह्याला पण मान..."

मास्टर थांबला. वहिनीही थांबली.

फोनवर गप्प राहायची मुभा नाही. जरा शांतता झाली, की पडद्याचा कोपरा पिवळा होतो, मग लाल, आणि "संवाद चालू ठेवा" असं लुकलुकायला लागतं. कोपरा पिवळा झाला, लाल झाला. वहिनीने त्याच्यावर हाताचा पंजा ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, "दिवा समोरून आहे ना मास्टर?"

"हं."

"मग बनवणाऱ्याने विचार केला असेल, की माणसाला मान सरळ ठेवून समोरून ओवता यावं."

जुन्या मशीनमध्ये सुईच्या दांड्याची चपटी बाजू कडेला येते, नव्यात पाठीमागे. मास्टरच्या बोटांनी सवयीने जुन्यासारखीच सुई बसवली होती, आणि सवयीनेच मान वाकडी करून बाजूने दोरा ओवला होता. हे वहिनीला कळलं होतं. आता मास्टरलाही कळलं होतं. दोघांपैकी कुणी ते बोललं नाही.

"थांबा जरा," मास्टर म्हणाला.

घड्याळ मागे येऊन उभा राहिला. वहिनीने मान न वळवता बोट वर केलं. फोनमधून ड्रॉवर सरकल्याचा आवाज आला, मग पत्र्यावर काहीतरी बारीक टिणकलं, मग बराच वेळ नुसता श्वास. आणि एकदम मशीन चालू झालं. कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड, कुठेही अडखळलं नाही. मास्टर शिवतच राहिला. वहिनी ऐकतच राहिली. घड्याळ काहीतरी बोलायला आला होता, तो न बोलताच पुढे गेला.

"काय झालं होतं," मास्टर शेवटी म्हणाला, "गरम झालं असणार मशीन. एवढा वेळ बंद होतं, थंड झालं."

"होतं असं," वहिनी म्हणाली. "नवीन आहे. अंगवळणी पडायला वेळ लागतो."

"त्या पोरांना सांगा, असा तोंडावर सुईचा प्रश्न विचारत जाऊ नका म्हणावं. लागतं माणसाला."

"सांगते."

"तुमचं नाव काय म्हणालात?"

गोंडस नाव तिच्या ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, "इथे मला वहिनी म्हणतात."

"बरं वहिनी. ठेवतो. गणवेश पडलेत."

फोन बंद झाला. पडद्यावर कारण निवडायचं होतं: यंत्राचा दोष, ग्राहकाची चूक, इतर. वहिनीने 'इतर' निवडलं. पुढच्या रिकाम्या जागेत तिने एकच शब्द टाइप केला, 'मान', आणि पुढचा फोन घेतला.

संध्याकाळी मार्कवालीने काचेच्या खोलीत बोलावलं. फोन ऐकून मार्क देते ती मार्कवाली. वयाने वहिनीपेक्षा बरीच लहान, आणि मजल्यावर तिच्याशी कुणी फारसं बोलत नाही, कारण तिने कुणाचं बोलणं कधी मोजावं त्याचा नेम नाही. पण ती लबाडी करत नाही, मैत्रिणीचेही मार्क कापते, हे सगळ्यांना माहीत होतं.

"वहिनी, पेपराला मास्टरचाच फोन आला माझ्याकडे."

"यायचाच."

"सक्तीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत."

"नाही."

"का?"

"विचारला असता तर त्याने फोन आपटला असता. माझा पेपर पास झाला असता, आणि गणवेश राहिले असते."

मार्कवालीने पुढचा तक्ता उचलला, डोळ्यांजवळ धरला. ती तो रोज भरत होती, त्यामुळे बहुतेक बऱ्याच दिवसांत तिने तो वाचला नसावा. "इथे लिहिलंय, सुईबाबत खात्री करून घेतली का." ती थांबली. "विचारलं का, असं नाहीये."

वहिनीने वाकून ती ओळ वाचली.

"झाली का खात्री? मला ऐकूनच ठरवायचंय. तुमच्या सांगण्यावरून नाही."

"ऐका मग. ड्रॉवरच्या नंतर."

मार्कवालीने हेडसेट चढवला, मागे नेलं, डोळे मिटले. ते बारीक टिणकणं आलं तशी तिची भुवई उचलली. पुन्हा मागे नेलं. वहिनी उभ्या उभ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"सुई काढून ठेवली त्याने पत्र्यावर," मार्कवाली म्हणाली. "आणि परत बसवली." तिने चौकटीत बरोबरची खूण केली. मग तिचं पेन खाली सरकलं. "शांततेचे मार्क जातील. नावाचे जातील. शेवटी 'आणखी काही मदत' म्हणाला नाहीत, तिथेही. काठावर आहात."

"काठ तर काठ."

"आणि हे काय लिहिलंय, मान? तो मान की ती मान?"

"दोन्ही," वहिनी म्हणाली.

मार्कवाली तिच्याकडे बघत राहिली, मग हसू दाबत कागदाकडे वळली. "नियम यामुळे बदलणार नाही हं वहिनी. पुढच्या महिन्यात परत मीच ऐकणार आहे."

"ऐका की. तुमच्याशिवाय आमचं ऐकतं कोण?"

खाली आली तेव्हा चपलांच्या दुकानाचे दिवे लागले होते. हेडसेटचा स्पंज तिच्या पर्समध्ये होता. तो आहे ना, हे तिने बसमध्ये एकदा चाचपून पाहिलं.

घरी सासूबाई जमिनीवर मटारच्या शेंगांचा ढीग घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "आलीस? काय केलं त्यांनी?"

"पास झाले."

"काय?"

"काम टिकलं माझं."

"कान दुखला? तेल घाल."

वहिनी खाली बसली, त्यांच्या समोर, दिव्याकडे तोंड करून. "उद्यापण जायचंय मला."

सासूबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग अर्धा ढीग तिच्याकडे सरकवला.

"मग हात चालव. उद्याच्या डब्याला होतील."

वहिनीने पदर खोचला आणि पहिली शेंग फोडली.